धुराडी नसलेलं गाव

शैलानं चित्रावरचा पातळ कागद उचलला आणि मला सगळ्यात आधी दिसला तो धूर.

डोंगराच्या माथ्यावरून खाली पाहावं तसं ते गाव काढलं होतं. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं एकमेकांना खेटून उतारावरून नदीपर्यंत गेलेली. मध्ये चर्चचा चौकोनी मनोरा, पलीकडे तीन कमानींचा पूल, आणि सगळ्या छपरांवर सकाळचा निळसर धूर. घराघरांतून कुणीतरी उठलंय, आधण ठेवलंय, पण बाहेर अजून कुणी पडलेलं नाही, अशी ती वेळ. खाली ठसठशीत अक्षरांत 'हॅम्बरी' आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'सहाशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड पाहा, दिगंत ट्रॅव्हल्सबरोबर'.

मी बावीस वर्षं इंग्लंड काढत होतो. असा धूर मला एकदाही काढता आला नव्हता.

"सर, बघा ना," शैला म्हणाली. "काही राहिलंय का?"

राहिलं होतं. मला ते दुसऱ्याच क्षणी दिसलं. चांगली चाळीसेक घरं होती त्या चित्रात आणि एकाही घराला धुराडं नव्हतं.

विलायतेतल्या जुन्या घराला धुराडं नाही असं होतच नाही. तिथे थंडीसाठी खोल्याखोल्यांत शेकोटी असते, तिचा धूर भिंतीतल्या पोकळीतून वर जातो आणि छपरावरच्या दगडी धुराड्यातून बाहेर पडतो. शैलाच्या हॅम्बरीत तो सगळ्या छपरातून झिरपत होता, आपल्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून येतो तसा. पोरगी पोलादपूरकडची, घाटाखालच्या गावात वाढलेली. सकाळी शाळेला जाताना घाट चढून वर आल्यावर मागे वळून तिनं रोज जे पाहिलं होतं, तेच तिनं उचलून इंग्लंडात नेऊन ठेवलं होतं. दिगंत ट्रॅव्हल्सच्या वाघळ्यांनी दिलेल्या माहितीपत्रकात फोटो होते तीन. एक पुलाचा, एक चर्चचा, आणि एक गल्लीचा, त्यातही घरं वळचणीच्या वर कापलेली. छपरं तिनं मनानं काढली होती.

"सर?" तिनं तीन नंबरचा ब्रश पाण्यात बुडवला, टोक नीट केलं आणि दांडा माझ्याकडे करून पुढे धरला. "शेवटचा हात."

ही आमच्या स्टुडिओची रीत. गिरगावातला हा स्टुडिओ अण्णा भिड्यांनी काढलेला. धाकट्या आर्टिस्टचं कुठलंही चित्र प्रेसला जाण्याआधी थोरल्यानं त्यात शेवटचा हात फिरवायचा. कुठे एखादी सावली, कुठे एखादा पक्षी, कुठे चूक असेल तर दुरुस्ती. मग ते चित्र स्टुडिओचं व्हायचं. वेगळी सही कुणाचीच नाही, कोपऱ्यात फक्त 'भिडे आर्ट्स'. अण्णा गेल्यावर हा मान माझ्याकडे आला होता आणि खरं सांगायचं तर मी तो चवीचवीनं उपभोगत होतो.

दहा मिनिटांचं काम होतं. समोरच्या दहा-पंधरा घरांना धुराडी उभी करायची, धुराला तेवढं वळण द्यायचं. मी बोलता बोलता केलं असतं. पण ब्रश हातात घेऊन मी नुसता उभा राहिलो, आणि का, ते सांगायचं तर दीड महिना मागे जायला हवं.

सन अठ्ठ्याहत्तर. दिगंत ट्रॅव्हल्सचे वाघळे तोवर काशी-रामेश्वर आणि काश्मीर करायचे. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात विलायतेची सहल शिरली. चाळीस मराठी माणसं, एकवीस दिवस, बरोबर मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या. लंडन सगळेच दाखवतात, आपण एक जुनं खेडं दाखवू, ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांना भिंतीवर लावायचं मोठं पोस्टर हवं होतं. ते स्टुडिओत आले, पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "खोपकर, ज्याचं पोस्टर लागेल तो आर्टिस्ट आमच्याबरोबर इंग्लंडला येणार. माझ्या खर्चानं. तिथे बसून पुढच्या वर्षासाठी चित्रं काढायची. बोला."

मी काय बोलणार? बिस्किटांच्या डब्यांवर, कॅलेंडरांवर, चॉकलेटांच्या खोक्यांवर मी इतकं इंग्लंड काढलं होतं की बाजारात मला 'विलायती खोपकर' म्हणत. गुलाबाच्या वेलीची कमान, गवती छपराचं घर, दाराशी टोपीवाली बाई. सगळं दुसऱ्याच्या फोटोंवरून. मी स्वतः पुण्याच्या पलीकडे गेलो होतो तो सासुरवाडीला, मिरजेला. आता पन्नाशी जवळ आली होती आणि ही संधी पुन्हा येणार नव्हती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"दोन नमुने दाखवा म्हणजे झालं," वाघळे म्हणाले. "निवडायला बरं."

दुसरा नमुना मी शैलाला करायला सांगितला. कारण दुसरा असायला हवा म्हणून, बाकी काही नाही. तिला स्टुडिओत येऊन तीन वर्षं झाली होती. अक्षरं सुबक काढायची, सांगितलेलं निमूट करायची. माझं गवती छपराचं घर आणि गुलाबाची कमान मी पंधरा दिवस खपून केली. तिनं चार दिवसांत कच्चं चित्र केलं. वाघळे आले, माझ्या चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "छान. नेहमीसारखं छान." मग शैलाच्या चित्राकडे वळले, दोन पावलं पुढे गेले. हळूच म्हणाले, "इथे जावंसं वाटतंय हो."

त्या एका वाक्यानं माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते आजही मधूनच दुखतं.

शैला गोंधळून माझ्याकडेच पाहत होती. वाघळे गेल्यावर म्हणाली, "सर, तुम्हीच जा. मी त्यांना सांगते. मला कुठे इंग्लिश बोलता येतं?"

"शब्द दिलाय त्यांनी. तुझं चित्र, तूच जाणार," मी म्हणालो. आवाज अगदी मोठ्या मनाचा काढला होता. मनातल्या मनात मी तिचा पासपोर्ट फाडत होतो.

तर अशा परिस्थितीत मी तो ब्रश हातात घेऊन उभा होतो. धुराडी नसलेलं गाव समोर. पेंबर्टन नावाचे एक इंग्रज गृहस्थ सहलीच्या जाहीर कार्यक्रमाला येणार आहेत, हे मला ठाऊक होतं. तिकडच्या बसगाड्यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती आणि ते त्याच मुलखातले होते. पहिल्या नजरेत त्यांना चूक दिसणार. मी काही करायचंच नव्हतं. फक्त काही करायचं नाही, एवढंच करायचं होतं.

मी ब्रश तिला परत दिला.

"मला हात लावायला जागाच नाही यात," मी म्हणालो. "जाऊ दे असंच."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ब्रश तसाच ओला, पदराला पुसून तिनं आपल्या पिशवीत ठेवला आणि काही न बोलता चित्रावर कागद टाकायला लागली. मला वाटलं, हिला काहीतरी संशय आला. मी पटकन चहा प्यायला खाली उतरलो.

घरी गेल्यावर मालतीनं, माझ्या बायकोनं, विचारलं, "झालं का त्या मुलीचं चित्र? कसंय?"

"बरंय."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे चांगलंय. थोडं बारीकसारीक राहिलंय."

"मग सांगितलंत ना तिला?"

"तिचं ती बघेल. मोठी आर्टिस्ट झालीय आता."

मालती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली. "जळताय तुम्ही."

"मी? त्या एवढ्याशा पोरीवर?"

"एवढीशी आहे म्हणूनच," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी वर्तमानपत्र उघडून बसलो.

पंधराशे पोस्टरं छापली. दादरला एका हॉलमध्ये वाघळ्यांनी कार्यक्रम ठेवला, संध्याकाळी पाचचा. दीडशे माणसं, बटाटेवडे, कॉफी, दोन वर्तमानपत्रांचे लोक. व्यासपीठावर पोस्टर पडद्याआड ठेवलं होतं. शैला पहिल्या रांगेत बसली होती. नवी जरीकाठी साडी, केसांत अबोलीचा गजरा. तिची आई पोलादपूरहून आली होती आणि पायातल्या वहाणा हॉलच्या दाराबाहेर काढून आत येऊन बसली होती. मी त्यांच्या मागच्या रांगेत.

पडदा सरकला. टाळ्या झाल्या, चांगल्या जोरात झाल्या. माझ्या शेजारचे एक निवृत्त मामलेदार 'वा' म्हणाले. पेंबर्टनसाहेब पुढे झाले, चष्मा लावला आणि वाकून पाहायला लागले. साठीचा, गुलाबी चेहऱ्याचा, स्वभावानं चांगला माणूस. तो पाहत राहिला. बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा उभा राहतो, तसा मी बसलो होतो.

मग ते हसले. वाघळ्यांना इंग्रजीत म्हणाले, "फारच सुंदर. पण गावाला आग लागलीय की काय?"

वाघळ्यांना कळेना. पेंबर्टननी छपरांवर बोट ठेवलं. "धुराडी कुठायत? आमच्याकडे छपरातून असा धूर यायला लागला तर आधी बंब बोलावतात."

ज्यांना इंग्रजी येत होतं ते हसले. मग त्यांनी शेजाऱ्यांना मराठीत सांगितलं आणि ते हसले. असं दोनदा हसणं झालं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा मोठं होतं. मागून कुणीतरी ओरडलं, "वाघळे, तुम्ही स्वतः तरी गेलायत ना हो तिकडे?"

वाघळ्यांचा चेहरा लालबुंद झाला. काश्मीरपर्यंत त्यांच्या शब्दावर लोक डोळे मिटून पैसे भरत, आणि त्याच लोकांसमोर त्यांचं हसं झालं होतं. ते व्यासपीठावरून उतरून थेट माझ्याकडे आले. "खोपकर, बावीस वर्षं हेच करताय तुम्ही. हे तुमच्या नजरेतून सुटलं कसं?"

हाच तो क्षण होता. अजूनही वेळ गेली नव्हती. चूक माझी, मी पाहायला हवं होतं, एवढं म्हटलं असतं तरी निम्मं ओझं माझ्यावर आलं असतं. मी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागलो.

शैला उठून उभी राहिली. "सरांनी पाहिलंच नाही," ती म्हणाली. "मी घाई केली. परस्पर प्रेसला नेऊन दिलं."

मी चष्मा पुसतच राहिलो. तिची आई एकदा वाघळ्यांकडे, एकदा लेकीकडे पाहत होती. काय झालं ते तिला समजलं नव्हतं, पण लोक कुणाला हसतायत ते समजलं होतं. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

पुढचं सगळं माझ्या मनासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वाघळ्यांचा फोन आला. ज्या पोरीला धुराडं ठाऊक नाही तिला नेऊन काय करू, तुम्हीच चला, पासपोर्टचं बघा. मूळ चित्रही त्यांनी माझ्याकडे धाडलं, दुरुस्त करून द्या म्हणून. मी ते समोर घेऊन बसलो. छपरांवरचा धूर पांढऱ्या-करड्या रंगाखाली बुजवला आणि एकामागून एक चाळीस धुराडी काढली, प्रत्येकातून शेपटीएवढा धूर. हुबेहूब इंग्लंड झालं. फक्त तिथे जावंसं वाटेना. शैला बाजूच्याच टेबलावर आगपेटीचं लेबल करत होती. तिनं एकदाही इकडे पाहिलं नाही, की मी तिला बघ म्हटलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारच्या विमानानं आम्ही निघणार होतो. सांताक्रूझला हीऽऽ गर्दी. चाळीस प्रवासी आणि त्यांना पोहोचवायला आलेली दोनशे माणसं, हारतुरे, नारळ. मालती मला तिसऱ्यांदा स्वेटरचं सांगत होती. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत शैला आली. हातात चकलीचा डबा.

ती वाकली, मला नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, जरा बोलायचंय."

आम्ही खांबाच्या आडोशाला गेलो. आता ही सगळं बोलणार, मला वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"सर, मला माफ करा," शैला म्हणाली.

"अगं, कशाबद्दल?"

"तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास टाकलात आणि मी तुमच्यावर मान खाली घालायची वेळ आणली. त्या दिवशी तुम्ही ब्रश परत दिलात ना, मला काही बोलताच आलं नाही. मी तशीच घरी गेले. जाताना पेढे घेऊन गेले. आईला पत्र टाकलं की सरांनी माझ्या चित्राला हात लावला नाही. आता मी शिकले म्हणून." तिनं डोळे पुसले. "तुम्ही चित्रात इतके रमलात की तुमच्यासारख्यालासुद्धा चूक दिसली नाही. माझ्या चित्राकडे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं, सर. म्हणून त्या दिवशी हॉलमध्ये मी खोटं बोलले. तुमचं नाव मध्ये यायला नको होतं."

मी डबा हातात धरून उभा होतो. लाज वाटली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती नंतर वाटली, पुष्कळ नंतर. त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला. अण्णांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली आणि त्यांनी माझ्या प्रत्येक चित्रात काही ना काही केलं. आजाराच्या दिवसांतही खाटेवर उशीला टेकून त्यांनी माझ्या एका आभाळात ढग घातला होता. तुझ्यात मला हात लावायला जागा नाही, हे शब्द ऐकायला मी अकरा वर्षं थांबलो होतो. ते हिला तीन वर्षांत मिळाले होते, माझ्याच तोंडून, आणि मी ते मत्सरानं म्हटले होते हे तिला कळलंसुद्धा नव्हतं. पेढे वाटून ती सुखात होती.

"असू दे," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी."

"नीट जाऊन या, सर. आणि ते गाव नीट बघून या. मला येऊन सांगा."

मी विमानात बसलो.

हॅम्बरीला आम्ही पोहोचलो ते आठव्या दिवशी. एका जुन्या सराईत आमचा मुक्काम होता. तिथला उन्हाळा असूनही त्या आठवड्यात गारठा पडला होता; पहाटे थंडीनं जाग आली. मंडळी झोपलेली. मी मफलर गुंडाळला, चित्रांची वही घेतली आणि गावामागच्या टेकडीवर मेंढ्यांची पायवाट होती तिच्यावरून चढत गेलो. वर पोहोचून मागे वळलो.

खाली शैलाचं चित्र पसरलं होतं.

मी अतिशयोक्ती करत नाही, तो माझा स्वभाव नाही. घरं तशीच एकमेकांना खेटून उतरली होती. गल्ली तिनं जिथे वळवली होती तिथेच वळली होती. धुराडी होती, का नसतील, पण त्या गार, वारा पडलेल्या हवेत धूर वर चढतच नव्हता. धुराड्यांतून निघायचा आणि तिथेच खाली बसून सगळ्या छपरांवर पसरायचा. त्यात धुराडी जवळजवळ बुडून गेली होती. छपराछपरातून निळसर धूर झिरपतोय, असंच दिसत होतं. मधाच्या रंगाचा तो दगड, ती वेळ, कुणीतरी उठलंय पण अजून बाहेर पडलेलं नाही, हे सगळं तिथे होतं. वरून घेतलेला एक फोटोही न पाहता, पोलादपूरच्या घाटात उभं राहून, त्या पोरीनं ते पाहिलं होतं. आणि मी तिथे प्रत्यक्ष उभा होतो, वही उघडून. ऊन वर येईपर्यंत मी पेन्सिल टेकवली नाही. मग खाली उतरून सराईच्या दारातल्या गुलाबाच्या कमानीचं चित्र काढलं.

परतल्यावर पहिल्याच दिवशी स्टुडिओत गेलो. सगळ्यांना चॉकलेटं वाटली. शैला सगळे पांगेपर्यंत थांबली. मग टेबलापाशी आली.

"सर, हॅम्बरी पाहिलंत?"

"पाहिलं की."

"वरून पाहिलंत? टेकडीबिकडी होती?"

"होती."

तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. "मग... धुराडी सोडा. ती माझी चूकच. पण बाकी? बाकी गाव तसं होतं का, सर?"

एक शब्द होता. 'होतं' म्हणायचं. तिनं माझ्यासाठी भर सभेत स्वतःवर घेतलं होतं, तिची जागा मी घेतली होती, तिच्या चकल्या मी लंडनपर्यंत पुरवून खाल्ल्या होत्या. त्या सगळ्याच्या बदल्यात एक शब्द. आणि तो खरा होता.

"नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही. अगं, वरून तिथे काही दिसतच नाही. सपाट वाटतं सगळं. ते गाव समोरून बघायचं असतं. हे बघ." आणि मी वही उघडून तिला गुलाबाची कमान दाखवली.

ती पाहत राहिली. मग मान हलवली. "बरं झालं सांगितलंत, सर. नाहीतर मी तेच धरून बसले असते."

त्यानंतर तिनं वरून पाहिलेलं गाव कधी काढलं नाही. सिमला काढलं, उटी काढलं, पुढे स्वित्झर्लंडही काढलं. सगळं समोरून. दाराशी वेल, खिडकीत कुंडी, उंबऱ्यापाशी एखादी बाई. चित्रं नीटनेटकी असत, त्यात चूक म्हणून सापडत नसे. शेवटचा हात ती न चुकता मागायची आणि मी तो फिरवायचो. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली की तिचं चित्र कुठलं आणि माझं कुठलं, हे वाघळ्यांना ओळखता येईना.

"खोपकर," ते मला कौतुकानं म्हणाले, "पोरगी अगदी तुमच्यासारखी तयार केलीत हो."

मी 'हो' म्हणालो.